लेदर कोरलचे तुकडे प्लगवर टिकतच नाहीत, सुपरग्लू परत परत सुटतंय

नवीनरीफ:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही. माझा कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक २०० लिटरचा, चालू होऊन साधारण १४ महिने झाले. त्यात एक टोडस्टूल लेदर आहे, दांड्यावर छत्री असलेलं मऊ कोरल, आलं तेव्हा मुठीएवढं होतं, आता छत्री पूर्ण उघडली की २० सेंटीमीटर तरी भरते. त्याच्या खाली मशरूम आणि झोआ ही बुटकी कोरल आहेत, त्यांच्यावर दिवसभर सावली, झोआ उजेडासाठी माना लांब करून बसलेत. म्हणून चार दिवसांपूर्वी हिय्या करून छत्री कापली. नवं ब्लेड घेतलं, दांड्यापासून छत्री वेगळी केली आणि तिचे पाच तुकडे केले.

पाचही तुकडे सुपरग्लू जेलने सिरॅमिक प्लगवर, म्हणजे कोरल लावायच्या छोट्या बैठकींवर, चिकटवले. टिश्यूने पुसून घेतले होते, एकेक मिनिट दाबून धरले होते, टँकमध्ये ठेवले तेव्हा मस्त बसलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तीन सुटून वाळूत पडलेले, आणि प्लगवर ग्लूचा पांढरा पापुद्रा तसाच, वर तुकड्याचा ठसासुद्धा उमटलेला. पुन्हा चिकटवले, जास्त ग्लू लावून. संध्याकाळपर्यंत पुन्हा सुटले. एक दगडांच्या मागे वाहत गेला तो सापडतच नाहीये. एक आज कडेने काळपट पडलाय आणि हात लावला तर मऊ लागतोय, वासही येतोय. ह्या कोरलवर माझा फार जीव आहे, टँकमधलं पहिलं कोरल होतं ते, त्यामुळे झोप लागत नाहीये खरंच.

मला एवढंच सांगा की ग्लू कुठला वापरायचा की तो सुटणार नाही? आणि टँकमध्ये नुसता दांडा उभा आहे बोडका, तो जगेल का? पाणी असं आहे: खारेपणा १.०२५, तापमान २५ ते २६, अल्कलिनिटी ८.३ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य.

निळाउजेड:
आधी तो काळा पडलेला तुकडा बाहेर काढा, आत्ता, उद्या नको. सडका भाग कापून टाकून आतला घट्ट भाग वाचतो का बघा, वास येत असेल तर बहुतेक नाही वाचणार. दगडामागे गेलेला तुकडा शोधा, मोठ्या पिचकारीने मागून पाणी मारलं तर बाहेर येतो. तो तिथे अंधारात सडला तर पाणी खराब करेल. आणि पाण्यातली रसायनं शोषून घेणारा कार्बन टाकलाय का? लेदर कापलं की कार्बन हवाच. बाकीचं आठपाकळ्या येऊन सांगतीलच, त्यांनी लेदरचे खूप तुकडे लावलेत.

आठपाकळ्या:
नवीनरीफ, घाबरू नका, दांडा जगेल, त्याची काळजी सगळ्यात कमी करा. पण ग्लू कुठला हा प्रश्नच सोडून द्या. मऊ कोरल ग्लूने चिकटत नाही, कुठल्याही कंपनीचा आणा.

का ते सांगतो, कारण एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. कडक कोरलला खाली चुन्याचा सांगाडा असतो, आपण तो सांगाडा दगडाला चिकटवतो, जिवंत मांसाला ग्लू लागतच नाही. मऊ कोरलला तसा सांगाडाच नाही. आत बारीक बारीक चुन्याचे कण असतात, स्क्लेराइट म्हणतात त्यांना, त्याने थोडा कडकपणा येतो इतकंच. म्हणजे तुम्ही ग्लू लावताय तो थेट कातडीला, आणि ती कातडी सतत बुळबुळीत स्राव सोडत असते. कापल्यावर तर दुप्पट. सुपरग्लू ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे तो त्या शेंबडावरच घट्ट झाला, खाली कोरल मोकळंच राहिलं. तुम्ही पांढरा पापुद्रा आणि ठसा म्हणालात ना, तो तोच. वरून लेदर जखमेमुळे आखडतं, रात्रीत निम्म्याहून लहान होतं, मग उरलंसुरलं चिकटलेलंही निघून येतं. जास्त ग्लू लावल्याने फक्त जास्त कातडी झाकली जाते आणि खालून सडायला सुरुवात होते. काळा पडलेला तुकडा मला वाटतं त्यानेच गेला.

चिकटायचं काम कोरल स्वतः करतं. आपण गुलाबाची काडी मातीत खोचतो तेव्हा मुळं आपण लावत नाही, काडी हलू देत नाही फक्त. इथेही तेच आहे, तुकडा आणि दगड एकमेकांना लागून १० ते २० दिवस न हलता राहिले पाहिजेत, आणि तेही तुकडा आवळला न जाता. आवळलात तर रबर त्याला सुतासारखं कापत जातो, सैल सोडलात तर वाहून जातो. सगळी कला ह्या दोन्हीच्या मधे आहे.

मी करतो ते असं. सिरॅमिक प्लग गुळगुळीत असतो, तो लेदरसाठी मला आवडत नाही. अक्रोडाएवढे लाइव्ह रॉकचे, म्हणजे जीवाणू वसलेल्या सच्छिद्र दगडाचे, खडबडीत तुकडे घ्यायचे, टँकमध्येच पडलेले, जांभळा चुनखडी शेवाळाचा थर असलेले असतील तर उत्तम. त्यातल्या त्यात खोलगट बाजू असलेला दगड निवडायचा, तुकडा त्या खळग्यात बसतो आणि निम्मं काम होतं. मग लाकडी टूथपिक घ्यायची आणि कोरलच्या जाड मांसल भागातून आडवी आरपार घालायची, खालच्या कडेपासून अर्धा सेंटीमीटर तरी वर. कडेला घातली तर दोन दिवसांत मांस फाडून बाहेर येते. टूथपिकची दोन्ही टोकं एकेक सेंटीमीटर बाहेर ठेवून जास्तीचं तोडून टाकायचं. आता कोरल दगडावर ठेवायचं, कापलेली किंवा खालची, पॉलिप (फुलासारखी बारीक तोंडं) नसलेली बाजू दगडाला टेकवून. रबरबँड एका टोकात अडकवायचं, दगडाच्या खालून न्यायचं आणि दुसऱ्या टोकात अडकवायचं. म्हणजे ताण येतो तो टूथपिकवर, कोरलला रबर कुठेच लागत नाही. बोटाने हलकं ढकलून बघायचं, दगडासकट हललं पाहिजे, एकटं सरकता कामा नये.

मग हे दगड थेट मूळ जागी लावायचे नाहीत. खाली वाळूजवळ, मध्यम उजेडात, आणि जिथे पाणी फिरतं पण थेट वेव्हमेकरचा (लाटा करणाऱ्या पंपाचा) झोत येत नाही अशा जागी ठेवायचे. पाणी अजिबात फिरत नसेल तर तेही चुकीचं, कारण लेदर काही दिवसांनी वरची मेणचट साल टाकतं आणि ती वाहून गेली नाही तर तिच्याखाली शेवाळ आणि कुजकं धरतं. दोन आठवड्यांनी हळूच बघा. रबरबँड खाऱ्या पाण्यात तसंही तीनेक आठवड्यांत सुटून तुटतं, तोपर्यंत बहुतेक वेळा दगड धरलेला असतो. टूथपिक मऊ होते, ती फिरवत फिरवत बाहेर ओढायची, भोक दोन दिवसांत बुजतं. ओढताना कोरल दगडावरून उचकटतंय असं वाटलं तर राहू द्या अजून आठवडा, घाई करू नका.

शिंपला:
आठपाकळ्यांच्या पद्धतीला माझंही अनुमोदन, मोठ्या जाड तुकड्यांना तेच. पण टूथपिक घालण्याइतकं मांसच नसेल तर? म्हणजे छत्रीच्या कडेच्या पातळ चकत्या, नाहीतर मशरूम. त्यांना मी काहीही टोचत नाही. एक उथळ प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, तळाला शेंगदाण्याएवढे दगडाचे खडे पसरायचे, त्यावर तुकडे मोकळे ठेवायचे आणि वरून बुरख्याच्या कापडासारखी झुळझुळीत जाळी ताणून रबरने डब्याच्या काठाला बांधायची. जाळी कोरलला दाबून बसवायची नाही, दोन बोटं वर राहिली पाहिजे. डबा टँकच्या तळाशी मंद प्रवाहात. मशरूमचे तुकडे आठ ते चौदा दिवसांत स्वतःच कुठला ना कुठला खडा पकडतात, मग तो खडा उचलायचा आणि खड्याला सुपरग्लू लावून हव्या त्या दगडावर बसवायचा. ग्लू इथे हमखास टिकतो कारण दगडाला दगड चिकटतोय.

जाळी रोज नाही तरी दोन दिवसाआड बाहेरून जुन्या टूथब्रशने झाडत जा. मी एकदा तिच्यावर शेवाळ येऊ दिलं, आत पाणी जायचं बंद झालं आणि सहाच्या सहा रिकॉर्डिया मशरूम गेल्या. अजून वाईट वाटतं.

बरं, मशरूम कापायचं असेल तर तोंडावरून कापा, दोन किंवा चार भाग, प्रत्येक भागात तोंडाचा थोडा तरी अंश आला तर लवकर भरून येतं. आणि मशरूम उचकटताना दगडावर पायाचा जो भाग राहतो ना, तो खरवडून काढू नका, त्यातूनही नवीन पिल्लू उगवतं. मशरूम स्वतःसुद्धा पुढे सरकताना पायाचे तुकडे असेच मागे ठेवत जातं.

नवीनरीफ:
काय बोलू, एवढं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. हरवलेला तुकडा सापडला, निळाउजेड म्हणाले तसं पिचकारीने पाणी मारल्यावर समोर आला, चांगला आहे, घट्ट आहे. काळा पडलेला काढून टाकला, आत काही उरलं नव्हतं. म्हणजे आता चार. कार्बन टाकला नव्हता, आत्ताच टाकला.

दोन शंका. एक, मी छत्री टँकच्या आतच कापली, दांडा मोठ्या दगडाला चिकटलेला आहे आणि तो दगड बाहेर काढणं म्हणजे अख्खी रचना पाडणं. त्याने काही बिघडलं असेल का? कापल्यावर पाणी दुधासारखं झालं होतं आणि दुसऱ्या बाजूचं टॉर्च नावाचं एक कडक कोरल दोन दिवस आतच ओढून बसलं होतं. दुसरं, नायट्रेट फॉस्फेट शून्य आहे ते चांगलंच ना?

आठपाकळ्या:
टॉर्च आत ओढून बसलं त्याचं कारण बहुतेक तेच दुधाळ पाणी. लेदर कोरल टर्पिनॉइड जातीची रसायनं बनवतात, मासे खाऊ नयेत म्हणून आणि शेजारी कुणी वाढू नये म्हणून. समुद्रातही लेदरच्या जवळ असलेल्या कडक कोरलची वाढ खुंटते. लाल समुद्रातल्या सार्कोफायटन ग्लॉकममधून सार्कोफाइन नावाचं एक रसायन वेगळं काढलेलं आहे, ते माशांना विषारी आहे. कापताना हा सगळा साठा एकदम पाण्यात उतरतो. म्हणून शक्य असेल तेव्हा वेगळ्या भांड्यात टँकचंच पाणी घेऊन त्यात कापायचं, तुकडे दुसऱ्या भांड्यात खळखळून धुवायचे आणि दोन्ही भांड्यांतलं पाणी फेकून द्यायचं, चुकूनही परत टँकमध्ये ओतायचं नाही. तुमच्यासारखा दगड निघतच नसेल तर मी पंप बंद करतो, कापतो, आणि कापत असतानाच बारीक नळी जखमेजवळ धरून ते दुधाळ पाणी ओढून घेतो. मग २० टक्के पाणी बदल आणि ताजा कार्बन. तो कार्बन आठवड्याने बदला, अडकलेलं सगळं घेऊन बाहेर पडतो.

शून्यबद्दल. पाणी इतकं धुतल्यासारखं स्वच्छ असणं मऊ कोरलला मानवत नाही. ती उजेडातून पोट भरतात ते त्यांच्या आत राहणाऱ्या शैवालाच्या जोरावर, आणि त्या शैवालाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ ह्यात असलं की लेदर भरभरून वाढतात आणि जखमाही लवकर भरतात. तुम्ही फॉस्फेट काढणारं माध्यम वापरत असाल तर तूर्त काढा आणि माशांना थोडं सढळ हाताने खायला घाला. पण एकदम नको, दोन तीन आठवड्यांत हळूहळू. बाकीचे आकडे छान आहेत, अल्कलिनिटी आहे तिथेच धरून ठेवा.

आणि दांडा. तो आता आठवडाभर गोळा होऊन बसेल, वरचा काप आत वळेल, कड गोल होईल. मग तीनेक आठवड्यांत त्या कडेवर बारीक बारीक पॉलिप दिसायला लागतील, केसाळ वाटेल. छत्रीचा आकार यायला काही महिने लागतात. त्याला हात लावू नका, जागा बदलू नका, उजेड वाढवू नका. फक्त रोज एकदा बघा की कापावर पांढरी बुरशीसारखी साय किंवा तपकिरी जेली येत नाहीये ना. आली तर पिचकारीने उडवा आणि घट्ट मांस लागेपर्यंत पुन्हा कापा.

भरतीओहोटी:
ग्लू कुठलाही चालत नाही हे सरसकट मला पटत नाही, म्हणजे लेदरसाठी बरोबर आहे पण मऊ कोरल म्हणजे फक्त लेदर नव्हे, वाचणारा नवा माणूस सगळ्यालाच टूथपिक लावत बसेल. ग्रीन स्टार पॉलिप घ्या. त्याची जांभळी चटई असते, चामड्यासारखी, ती बुळबुळीत नसते. पातळ सुरी खालून सरकवली की चादरीसारखी सोलून निघते, कात्रीने हवे तेवढे चौकोन कापायचे, खालची बाजू टिपून घ्यायची आणि जेल लावून दाबायचं. माझे पंधरा वीस तुकडे असेच लावलेत, एकही सुटला नाही. दोन दिवस बंद राहतात, मग हिरवळ उघडते. फक्त ते मुख्य दगडावर कधीच लावू नका, पसरून सगळ्यांना झाकून टाकतं. वाळूत एकटा दगड ठेवून त्यावर लावा, चारी बाजूंनी वाळू सोडून.

झेनिया हे मऊ कोरल ह्याच्या बरोबर उलट. त्याला ग्लू नको, टूथपिक नको, रबर तर अजिबात नको, आवळलं की अख्खंच्या अख्खं विरघळतं. मी कापतही नाही. त्याच्या शेजारी चिकटून एक मोकळा दगड ठेवतो, ते आपल्या पायाने त्यावर चढतं, बूड दोन्हीकडे पसरलं की मधे ब्लेड फिरवायचं आणि दगड उचलायचा. झेनियाची धडधड बघत बसायला मला अजूनही तितकंच आवडतं. ती उगाच नसते, २०१३ मध्ये लाल समुद्रातल्या हेटरोझेनिया ह्या त्याच्या भाऊबंदावर अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात दिसलं की त्या उघडझापीने पॉलिपभोवती साचलेला ऑक्सिजन बाहेर टाकला जातो आणि त्यामुळे प्रकाशसंश्लेषण वाढतं. म्हणून त्याला बांधून घालणं मला योग्यच वाटत नाही.

केनिया ट्री हे झाडासारखं मऊ कोरल तर स्वतःच फांद्या टाकतं, सकाळी वाळूत पडलेल्या सापडतात. त्या शिंपला म्हणाले तशा खड्यांच्या डब्यात टाकायच्या, काम झालं. सिन्युलॅरिया ह्या बोटांसारख्या लेदरची बोटं कात्रीने कापून, सुई आणि तंगूस घेऊन बुडातून एक टाका घालायचा आणि प्लगच्या दांडीला खालून गाठ मारायची. लांब उभी बोटं टूथपिकवर डोलत राहतात आणि त्या डोलण्याने फाटतात, टाका जास्त स्थिर बसतो. गाठ मारताना शेवटचा पीळ सैल ठेवा, कोरल आधी आखडतं आणि मग फुगतं, फुगल्यावर तंगूस रुतता कामा नये.

आठपाकळ्या:
भरतीओहोटी, बरोबर आहे तुमचं, मी लेदर डोक्यात ठेवून लिहिलं आणि सरसकट लिहून गेलो. ग्रीन स्टार पॉलिप आणि झोआ ह्यांना ग्लू चालतो. झोआच्या बाबतीत दांड्याला नाही, खालच्या चटईला किंवा दगडाच्या चकतीला. सिन्युलॅरियाला टाका घालायचं मी कधी केलं नाही, पुढच्या वेळी करून बघणार.

निळाउजेड:
झोआचा विषय निघालाच आहे आणि नवीनरीफच्या टँकमध्ये झोआ आहेत म्हणून हे लिहितोय, कृपया कुणी वरवर वाचू नका. झोआ आणि विशेषतः त्यांच्या जवळच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं. हे विष १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआमधून वेगळं काढलं गेलं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी आहे. लेदर कापणं आणि पॅलिथोआ कापणं ह्यात आभाळ जमिनीचं अंतर आहे. हातमोजे आणि पूर्ण डोळे झाकणारा चष्मा घातल्याशिवाय ब्लेड लावू नका, कापताना पिचकारी उडते ती थेट डोळ्यात जाते. हाताला कुठे कापलेलं असेल तर त्या दिवशी काम करूच नका. आणि दगडावरचे नको असलेले पॅलिथोआ मारायला दगड उकळणं, गरम पाणी ओतणं, कोरडा पडल्यावर ब्रशने घासणं, प्रेशरने धुणं, ह्यातलं काहीही करू नका. वाफेतून आणि तुषारांतून ते श्वासात जातं. अमेरिकेत अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ च्या दरम्यान घरातल्या आणि दुकानातल्या झोआ हाताळल्यावर माणसं आजारी पडल्याच्या नोंदी आहेत, घरातल्या इतरांनाही त्रास झाला. काम झाल्यावर तोंडात कडवट धातूसारखी चव, धाप, ताप, थंडी असं काही वाटलं तर लगेच डॉक्टरकडे जा आणि पॅलिटॉक्सिनचं नाव घेऊन सांगा, नाहीतर त्यांना साधा फ्लू वाटू शकतो.

हातमोजे लेदर कापतानाही घालाच. जखमेतून मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा जीवाणू शिरला तर बोटावर गाठी येतात आणि औषध महिनोन्महिने चालतं.

शिंपला:
निळाउजेड यांनी लिहिलंय ते प्रत्येकाने मनावर घ्या. लहान मुलं आणि मांजर कुत्रं असेल तर कापताना त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि वापरलेली भांडी परत स्वयंपाकात नकोत.

एक राहिलं, बाहेरून आलेला तुकडा असो की आपलाच, नवीन दगडावर लावण्याआधी उलटा करून खालची बाजू बघत जा. लेदर खाणाऱ्या गोगलगायी असतात, कवच नसलेल्या, अंगाचा रंग लेदरसारखाच, दिवसा बुडाशी लपतात, अंडी पांढऱ्या नागमोडी दोऱ्यासारखी. छत्री दिवसेंदिवस उघडत नसेल आणि साल पण टाकत नसेल तर रात्री टॉर्च मारून बघा.

नवीनरीफ:
तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. झोआला मी हात लावणार नाहीये सध्या, ते वाचून अंगावर काटा आला, मी ह्याआधी एकदा मोजे न घालता खरवडले होते.

चारही तुकडे पुन्हा बाहेर काढले, ग्लूचे पापुद्रे नखाने न काढता ब्लेडने त्या बाजूची पातळ चकती कापून काढली म्हणजे ताजा काप मिळाला. तीन जाड होते त्यांना टूथपिक. पहिल्याला कडेच्या फार जवळ गेली, लक्षात आलं, काढून पुन्हा घातली. चौथा पातळ होता तो खड्यांच्या डब्यात जाळीखाली. वाळूजवळ उजव्या कोपऱ्यात ठेवलेत, तिथे प्रवाह मागच्या काचेवर आपटून परत येतो, थेट लागत नाही. आता बघत बसणं एवढंच.

आठपाकळ्या:
ताजा काप घेतलात ते फार चांगलं केलंत, मी सांगायला विसरलो होतो. आता दहा दिवस उचलून बघायचा मोह आवरा. बंद राहतील, चकाकतील, मेलेत की काय वाटेल. घट्ट आहेत आणि वास नाही म्हणजे ठीक आहेत.

नवीनरीफ:
आज बावीस दिवस झाले, म्हणून परत लिहितोय. आठव्या दिवशी तिघांवरही चकचकीत मेणासारखा थर आला, मी घाबरलो होतो, पण इथे वाचलेलं होतं म्हणून काही केलं नाही, फक्त वेव्हमेकरचं तोंड थोडं खाली वळवलं. बाराव्या दिवशी ती साल फडक्यासारखी लोंबायला लागली आणि वाहून गेली, खाली एकदम स्वच्छ पिवळसर कातडी. दोघांनी दगड धरलाय. एकाची टूथपिक काल काढली, फिरवत फिरवत, आणि कोरल जागचं हललं नाही. उलटं करून बघितलं तर बुडाची कड दगडाच्या खाचांत उतरलेली, मेण ओतल्यासारखी. तिसऱ्याने एकाच बाजूने धरलंय, दुसरी बाजू अजून उचलली जाते, त्याचं रबर काल तुटलं होतं म्हणून नवीन लावलं. डब्यातल्याने दोन खडे एकदम पकडलेत.

नायट्रेट आता ४ वर आहे, फॉस्फेट ०.०४. टॉर्च पूर्ण उघडतंय.

आणि दांडा! कापाची कड पूर्ण गोल झालीये आणि आज सकाळी दिवे लागल्यावर तिच्यावर नऊ पॉलिप मोजले, टाचणीच्या डोक्याएवढे. खालच्या झोआंच्या माना पण आखूड झाल्यात.

एकच विचारायचं आहे, डब्यातला जो तुकडा आहे त्याने पकडलेले दोन्ही खडे ठेवू की एक कापून वेगळा करू?

शिंपला:
नऊ पॉलिप, काय सुंदर बातमी दिलीत! दोन्ही खडे राहू द्या. मधल्या फटीत ग्लू भरून दोन्ही एकत्रच दगडावर बसवा, फक्त ग्लू कोरलच्या कडेपासून लांब ठेवा. जाळी आजच काढून टाका, आता त्याला पूर्ण पाणी मिळू दे.

आठपाकळ्या:
तिसऱ्याला ज्या बाजूने धरलं नाहीये तिथे खाली वाळूचे कण किंवा शेवाळ अडकलंय का बघा, पिचकारीने हळू साफ करा. नवीन रबर लावताना आधीच्या इतकंच सैल. आणि त्याला आणखी दोन आठवडे तिथेच राहू द्या, बाकीच्या दोघांना वर हलवलंत तरी.

नवीनरीफ:
होय, खाली वाळूच होती, चिमूटभर. काढली.